‘जेवण निम्मे करा, बाळंतपण सोपे होईल’ : एका संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. आजीचा अनुभव म्हणून लिहिलेल्या त्या मजकुरात गरोदर सुनेसाठी चार सूचना आहेत: सातव्या महिन्यापासून जेवण निम्मे करावे, म्हणजे बाळ लहान राहून बाळंतपण सोपे होते, लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते, म्हणून त्याऐवजी गूळ खावा, कट्ट्यावरचे, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात तिथले, धारोष्ण दूध रोज प्यावे, आणि गोऱ्या बाळासाठी दुधात केशर घालावे. एका डोहाळजेवणात हा संदेश बायका एकमेकींना मोठ्या मायेने दाखवत असताना मी पाहिला, आणि त्या मायेपोटीच एखादी सून अर्धपोटी राहील या काळजीने हे लिहीत आहे.

पहिली सूचना सर्वांत घातक आहे. ती ज्या भीतीतून आली ती भीती खरी आहे, कारण अडलेल्या बाळंतपणात बायका दगावल्याच्या आठवणी घरोघरी आहेत. पण बाळंतपण अडते ते मुख्यतः आईच्या कटीराची, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीची, ठेवण, बाळाच्या डोक्याची स्थिती आणि कळांचा जोर यांमुळे. शिवाय पोषण कमी पडले की गर्भाचे शरीर आधी मेंदूला जपते. कसर निघते ती स्नायू, यकृत आणि मूत्रपिंडे यांच्या वाढीतून. म्हणजे वाट काढायची असते ते डोके त्या मानाने फारसे लहान होत नाही, आणि बाळ मात्र अशक्त जन्मते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा जो अभ्यास केला, त्यात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आणि आपल्या बाळांत सर्वाधिक तूट पोटातील अवयव आणि स्नायू यांची होती, डोक्याची त्याहून कमी. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे मोठी होती, हेही त्याच अभ्यासात दिसले.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे अंग लवकर गार पडते, रक्तातील साखर उतरते, ओढून दूध पिण्याची ताकद कमी असते आणि जंतुसंसर्ग पटकन होतो. गरोदरपणात दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढ्यात ती गरज साधारण भागते. शेवटच्या महिन्यांत पोटावर दाब येऊन जळजळते हे खरे. त्यावर थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे हा उपाय आहे, उपाशी राहणे हा नाही.

लोहाच्या गोळीने काळी होते ती आईची विष्ठा, कारण न शोषलेले लोह तिच्यातून बाहेर पडते. बहुधा या खुणेवरूनच हा गैरसमज पसरला असावा. बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे त्यांच्या दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी होते. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेततो. बाळाची पहिल्या सहा महिन्यांची लोहाची शिदोरीही पोटात असतानाच, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, भरली जाते. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे गुळातून मिळवायचे तर दिवसाला किलोभराहून जास्त गूळ खावा लागेल, आणि गरोदरपणातील मधुमेह असलेल्या स्त्रीला तो सरळ अपायच करील. भाकरीबरोबर आपल्या गुळाचा खडा जरूर खावा, पण गोळीच्या जागी नव्हे. गोळीने मळमळले किंवा बद्धकोष्ठ झाले, तर ती परस्पर बंद न करता आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून वेळ बदलावी. गोळीबरोबर चहा टाळावा, लिंबू चालते.

धारोष्ण दुधाचे कोल्हापूरला कौतुक आहे. समोर धार काढून घेऊन पिणारे पैलवान आपण पाहिले आहेत. तथापि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस या रोगाचे आणि लिस्टेरिया नावाचे जंतू पोटात जाऊ शकतात, आणि त्यांमुळे गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. तेच दूध घरी आणून उकळी येऊ दिली की उत्तम.

केशराने वर्ण बदलत नाही. एक ग्रॅम केशराच्या किमतीत कितीतरी दिवस रोज एक अंडे सुनेच्या ताटात वाढता येते.