मास्तर, निकाल लावा!

मास्तर, अभिनंदन! शिक्षकांचा पगार पोरांच्या निकालाला जोडा, अशी मागणी पुन्हा जोर धरते आहे. पानाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळ्यांचं त्यावर एकमत आहे. (आपल्याकडे एकमत होतं ते बहुधा दुसऱ्याच्या पगारावरच.) बाई, तुम्हीही ऐका. घाबरायचं काही कारण नाही. डोकं शांत ठेवलं तर यात तुमचं भलंच आहे. शिकवायची सवय तेवढी मोडावी लागेल.

आधी शाळा बघा, शेतकरी पेरणीआधी रान बघतो तशी. आईवडील क्लासची फी आगाऊ भरतात ती वस्ती गाठा. तिथे अर्धा निकाल क्लासवाला लावतो, उरलेला पोराची आई लावते, पगार मात्र तुमच्या खात्यात जमा होतो. बीडकडची ऑर्डर आली तर तडक डॉक्टर गाठा आणि पाठदुखी काढा. तिकडे उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, मागोमाग पोरं जातात. पटावर चाळीस, वर्गात अकरा. त्यांचं गणित पक्कं करायला उसाच्या फडात जाल, तर प्रवासभत्तासुद्धा मिळायचा नाही.

मग तोंडी परीक्षेकडे या. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० वर आला. ते परत दिले, तर २०२० मध्ये ९५.३०! बारा महिन्यांत अठरा टक्के वाढ. एवढ्या वाढीसाठी वेतन आयोगाची वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. आणि २०२१? कोरोनामुळे वर्ग बंद, परीक्षा रद्द, निकाल ९९.९५. पगार निकालावर ठरायचा असेल तर आपला उत्तम काळ कोणता, हे आता तुम्हीच ओळखा.

ही कल्पना नवी आहे असं कोणी म्हणालं तर माना डोलवा. इंग्लंडात १८६२ पासून हीच होती. शाळा तपासणारा साहेब येऊन पोराची परीक्षा घ्यायचा आणि वाचन, लेखन, गणित यांतल्या ज्या विषयात पोरगं आपटेल त्याचे पैसे शाळेच्या अनुदानातून कापायचा. मग मास्तरांनी वाचनाचं पुस्तक पोरांकडून असं पाठ करून घेतलं, की ते उलटं धरूनही ती घडाघडा वाचायची, असं सांगतात. तीसेक वर्षांनी साहेब कंटाळला. अमेरिकेत अटलांटाच्या मास्तरांनी तर त्याहून सोपी वाट काढली. पोरांनी पेपर दिल्यावर स्वतःच खोडरबर घेऊन बसायचं. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक अडकले; पुढे अकरा जण दोषी ठरले, तेही गुंडांच्या टोळ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली. म्हणून सांगतो, खोडरबर नको. आपल्याकडे तोंडी परीक्षा आहे, तिथे खोडायला काही नसतं.

कोणी आंध्रातला प्रयोग काढेल. तिथे बोनस दिल्यावर पोरांचे गुण खरोखरच वाढले होते. पण तो पगारावरचा थोडासा बोनस होता, परीक्षा बाहेरचे लोक घेत होते, पोरगं गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेलं ते मोजत होते, आणि परीक्षेला न बसवलेलं पोर मास्तरच्या तोट्यात धरत होते. इतके बारकावे चर्चेत आले की जाहिराती कधी लावायच्या? १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनीही जास्त पोरं पास करणाऱ्या खेड्यातल्या मास्तरला भत्ता मागितला होता. तेवढंच वाक्य वाचून दाखवा. तो भत्ता पगाराशिवाय वेगळा होता, आणि पगार किमान बारा रुपये तरी हवा असं त्यांनी म्हटलं होतं, हे गाळा.

आता मुख्य काम. ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या सरकारनेही एक शासन निर्णय काढला होता: बारा आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतरची वाढीव वेतनश्रेणी हवी तर शाळा ‘अ’ श्रेणीत हवी आणि नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांवर हवा. बोंबाबोंब झाली, पुढे ती अट गेली. पण परत येईल, तयारीत राहा.

पूर्वी कच्चं पोर नववीत गाळलं की दहावी स्वच्छ व्हायची. आता नववीही मोजायची म्हटल्यावर गाळून भागत नाही, त्याआधीच उचलावं लागतं. शेवटच्या बाकावर बघा. डबा नसलेला, नाव विचारलं की आधी उभा राहून मग विचार करणारा एक जण असेलच. त्याच्यावर ओरडू नका. जानेवारीत त्याच्या बापाला बोलवा, बसायला खुर्ची द्या, चहा सांगा. म्हणा, “भाऊ, पोरगं हुशार आहे हो, पण शाळेत बांधून ठेवायचा त्याचा पिंड नाही. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून दहावी होईल.” बाप तुमच्या पाया पडेल. दाखल्यावर कारण लिहा, ‘पालकांच्या विनंतीवरून’. सतरा नंबरवाला खासगीत मोजतात, तुमच्या टक्क्याला त्याचा धक्का लागत नाही.

फॉर्मवर पोराची सही लागेल. तो पेन धरून बराच वेळ बसेल, आडनावातला जोडाक्षराचा पाय कुठे काढायचा ते त्याला आठवणार नाही. हात धरून एकदा गिरवून घ्या. दुसऱ्यांदा गिरवायला तो स्वतःच कागद मागेल, तेव्हा द्यायचा नाही. तुमचा तास सुरू झालेला असेल.