चाळीस पदर आणि माझे दोन हात

ज्याला पोळी लाटता येते त्याला बाकलावा ही पदरापदरांची तुर्की मिठाईही लाटता येईल, हा माझा समज रमजान ईदच्या आदल्या दिवशी, इस्तंबूलमधील आमच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात, तासाभरात निकालात निघाला. बाई मूळच्या तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेप ऊर्फ आन्तेप शहराच्या, म्हणजे बाकलावाच्या थेट माहेरच्या. सगळी इमारत त्यांना ‘तेय्झे’ म्हणते आणि तेय्झे म्हणजे शब्दशः मावशी. त्यामुळे ‘मी मदतीला येतो’ हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून गेले.

मैदा, अंडी, मीठ आणि पाणी यांचा घट्ट गोळा मळून तो झाकून ठेवणे इथपर्यंत माझी प्रतिष्ठा शाबूत होती. पुढे त्याच्या 40 लाट्या झाल्या. प्रत्येक लाटी बशीएवढी लाटायची, मध्ये गव्हाचे कोरडे सत्त्व भुरभुरून दहा-दहांची चवड रचायची आणि मग ती अख्खी चवड एकत्र लाटून परातीएवढी करायची, तीही एकही पदर दुसऱ्याला न चिकटता. चिरोट्याला निदान तुपाच्या साट्याचा आधार असतो. इथे नुसती पांढरी धूळ, जी दहा मिनिटांत माझ्या भुवयांवरही जमली. ‘ओक्लावा’ हे लाटणे म्हणजे बोटाएवढी जाड, हातभर लांब काठी. तिच्याभोवती चवड गुंडाळून तळव्यांनी मधून कडांकडे दाब देत जायचे असते. मी दाब दिला तो पोळीला देतात तसा; परिणामी मध्ये भोक पडले आणि कडा जाड राहिल्या.

‘‘बाळा, युफ्का लाटतोस की गालिचा विणतोस?’’ तेय्झेंनी विचारले.

युफ्का म्हणजे ही लाटलेली पारी. ती किती पातळ हवी, हे दाखवण्यासाठी त्यांनी स्वतः लाटलेल्या युफ्क्याखाली वर्तमानपत्र ठेवले आणि मथळा वाचून दाखवला. मग माझ्या युफ्क्याखाली तेच पान सरकवून मला वाचायला सांगितले. मला एक शब्दही लागला नाही. मात्र याला माझ्या युफ्क्याचा जाडपणा कारण होता की माझ्या तुर्कीचा पातळपणा, हे मी सोयीस्करपणे गुलदस्त्यात ठेवले.

हाताला विसावा म्हणून त्यांनी मला ‘शेरबेत’ करायला बसवले. मी पाण्यात साखर ढवळली, लिंबू पिळले आणि उत्तम गार सरबत त्यांच्या पुढे धरले. साहित्य तंतोतंत बरोबर होते. फक्त ते उकळून त्याचा पाक करायचा होता आणि लिंबू पाक साखरू नये म्हणून होते. तेय्झेंनी सरबत पिऊन टाकले आणि पाक स्वतःच केला.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात रमजानच्या पंधराव्या दिवशी उस्मानी सुलतानाकडून येनिचेरी या त्याच्या खास फौजेतल्या सैनिकांना दहा जणांमागे एक परात बाकलावा मिळत असे आणि त्या पराती वाजतगाजत बराकीत जात. 1826 मध्ये ती फौजच बरखास्त झाली. खाणाऱ्यांची मिरवणूक निघाली. लाटणाऱ्यांची कधी निघाल्याचे माझ्या वाचनात नाही. 2013 मध्ये युरोपीय संघाने आन्तेपच्या बाकलावाच्या नावाला संरक्षण दिले, तेही नकली मालापासून. माझी चवड पाहिल्यावर ते संरक्षण कशासाठी हवे, हे मला मनोमन पटले.

अखेर तेय्झेंनी व्यवहारी तोडगा काढला. माझे युफ्के परातीच्या तळाशी, त्यावर दळलेल्या हिरव्यागार पिस्त्याचा थर आणि वर त्यांचे स्वतःचे, म्हणजे झाकली मूठ. भाजण्यापूर्वीच तळापर्यंत सुरी फिरवून वड्या पाडल्या, कारण भाजल्यावर कापायला जावे तर वरच्या पदरांचा चुरा होतो. मग कढवलेले लोणी ओतले. परात भट्टीतून निघताच तिच्यावर उकळता पाक पडला आणि जो चर्रर्र आवाज आला, त्यात माझाही वाटा आहे असे मला उगीच वाटले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. ‘‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो,’’ असे इथे रांधणाऱ्याला म्हणतात. मनगटे सुजल्यामुळे तो आशीर्वाद मी परस्पर स्वतःकडे वळवून घेतला. मात्र एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आन्तेपचे दर्दी बाकलावाची वडी काट्यावर उचलतात आणि तोंडात घालताना उलटी करतात, म्हणजे तळाची बाजू आधी टाळूला लागते. सगळ्या पाहुण्यांनी वड्या उलट्या केल्या. एक वयस्क काका बराच वेळ चावत राहिले, आणि मग तेय्झेंकडे वळून त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, ‘‘यंदा मैदा दुसरीकडून आणलात का?’’