भांडण कलम १५३ चं, कारभार परिपत्रकांचा

मलेशियातल्या मलय-चिनी-भारतीय वादावर मराठीत कोणी लिहिलं, की एक विधान हमखास येतं: तिथल्या राज्यघटनेच्या कलम १५३ नेच मलय लोकांना धंदा, घरं, शेअर, नोकऱ्या सगळं बहाल केलंय. कलम उघडून वाचलं तर असं काही सापडत नाही. माझं म्हणणं असं की तिथल्या आर्थिक तणावाचा मोठा भाग घटनेत नाहीच. तो परिपत्रकांत, परवान्यांच्या अटींत आणि राज्य सरकारांच्या मंजुऱ्यांत आहे, आणि दोन्ही बाजूंचे पुढारी हे सोयीस्करपणे विसरतात.

आधी कलम. राजावर एकाच वाक्यात दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत: मलय आणि बोर्निओ बेटावरच्या साबा-सारावाक राज्यांतल्या मूळ रहिवाशांचं विशेष स्थान जपायचं, आणि इतर समाजांचे न्याय्य हितसंबंधही जपायचे. भाषणांत दुसरा अर्धा भाग कायम गळतो. राखीव प्रमाण ठेवता येतं ते केंद्राच्या सरकारी नोकऱ्यांत, शिष्यवृत्त्यांत, शिक्षण-प्रशिक्षणाच्या सोयींत आणि केंद्रीय कायद्याने परवाना लागणाऱ्या धंद्यांच्या परवान्यांत. प्रमाण किती? 'वाजवी' वाटेल तेवढं, आकडा नाही. उलट बाजूने कुंपणंही घातली आहेत. कोणाच्या हातातला चालू परवाना काढून घेता येत नाही, नेहमीच्या क्रमात मिळणारं नूतनीकरण नाकारता येत नाही. निव्वळ मलय लोकांसाठी राखून ठेवायला म्हणून एखादा व्यापार इतरांना बंद करायचा अधिकार संसदेलाही नाही. नोकरीत घेतल्यावर एकाच श्रेणीतल्या सगळ्यांना वंश न पाहता वागवायचं, हे कलम १३६ सांगतं, आणि १५३ त्याला धक्का लावत नाही. १९७१ मध्ये विद्यापीठांच्या जागांसाठी एक पोटकलम वाढवलं.

मग ३० टक्क्यांचा आकडा आला कुठून? १३ मे १९६९ च्या क्वालालंपूर दंगलीनंतर. अधिकृत मृतांची संख्या १९६. त्यानंतर १९७१ ला नवं आर्थिक धोरण आलं. त्याची उद्दिष्टं दोन होती: वंश न पाहता गरिबी हटवणं, आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा ही जुळणी मोडणं. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा (म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवाशांचा) वाटा २.४ टक्के होता. तो १९९० पर्यंत ३० वर न्यायचा होता. १९७० मध्येच ६३ टक्क्यांच्या आसपास भांडवल परदेशी लोकांकडे होतं, मुख्यतः ब्रिटिश मळे आणि कथिलाच्या खाणी. म्हणजे 'सगळं चिन्यांनी लाटलं' ही तेव्हाची घोषणासुद्धा हिशेबात बसत नव्हती.

१९९० मध्ये वाटा १९ टक्क्यांच्या पुढेमागे आला. गरिबी मात्र खरोखर घटली. मलाया द्वीपकल्पात (साबा-सारावाक सोडून उरलेल्या देशात) १९७० ला जवळजवळ निम्मी कुटुंबं गरीब होती, वीस वर्षांत ते प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आलं. धोरण सपशेल फसलं म्हणणाऱ्यांनी हाही आकडा मांडावा.

आता परिपत्रकांकडे या. सरकारी खरेदीत भूमिपुत्र पुरवठादाराला किमतीत सवलत मिळते. अर्थखात्याच्या परिपत्रकातला वर्षानुवर्षं चाललेला तक्ता असा: १ ते ५ लाख रिंगिटच्या (तिथलं चलन) कामाला १० टक्के, १५ लाखांपर्यंत ७, ५० लाखांपर्यंत ५, १ कोटीपर्यंत ३, दीड कोटीपर्यंत २.५ आणि त्यापुढे शून्य. उदाहरण घ्या. सर्वात कमी बोली ४ लाखांची आहे आणि भूमिपुत्राची ४ लाख ३८ हजारांची, तर काम भूमिपुत्राला जाऊ शकतं. कागदावर हे ठीकच आहे, लहानाला हात द्यायचा. गडबड पुढे होते. काम घेणाऱ्याकडे ना गोदाम, ना माल, ना खेळतं भांडवल. तो कमिशन घेऊन काम चिनी व्यापाऱ्याकडे देतो. याला तिथे सर्रास 'अली-बाबा' धंदा म्हणतात, अली परवान्याचा धनी आणि बाबा कामाचा. सरकार जास्त पैसे मोजतं, अलीला धंदा येत नाही तो नाहीच, आणि बाबा म्हणतो आमच्यावर अन्याय झाला. तिघांपैकी एकालाही कागद बदलायची घाई नसते.

कारखान्यांचंही तसंच. १९७५ च्या औद्योगिक समन्वय कायद्याने एका मर्यादेपुढच्या कारखान्याला परवाना सक्तीचा केला आणि परवान्याच्या अटींतून भागभांडवलाचा वाटा वसूल व्हायला लागला. सुरुवातीची मर्यादा फार खाली होती: १ लाख रिंगिट भांडवल किंवा २५ कामगार. घरच्या घरात धंदा चालवणाऱ्या चिनी कारखानदाराने काय केलं असेल? मर्यादेच्या आत राहिला, किंवा पैसा जमीन-इमारतींत घातला. १९८६ मध्ये मंदीच्या झळा लागल्यावर सरकारने मर्यादा २५ लाख रिंगिट किंवा ७५ कामगार अशी वाढवली. त्यासाठी घटनेतलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

याहून ठळक उदाहरण २००९ चं. शेअर बाजारात येणाऱ्या कंपनीने ३० टक्के भाग भूमिपुत्रांना द्यायचा, ही अट एका सरकारी समितीच्या मार्गदर्शक सूचनांतली होती. ३० जून २००९ ला पंतप्रधान नजीब रझाक यांनी ती मागे घेतली. जागी आलं ते असं: जनतेसाठी जो २५ टक्के भाग खुला करायचा, त्यातला निम्मा, म्हणजे १२.५ टक्के, भूमिपुत्रांना देऊ करायचा. कलम १५३ बदलायचं तर संसदेत दोनतृतीयांश मतं आणि वर राज्यांच्या सुलतानांच्या परिषदेची संमती लागते. त्यावर जाहीर प्रश्न उपस्थित केला तर राजद्रोहाच्या कायद्याचा बडगाही आहे. परिपत्रकाला मात्र यातलं कुठलंच कवच नाही. म्हणून मला वाटतं, १५३ रद्द करा म्हणणारे चुकीच्या दारावर धडका देतायत, आणि १५३ धोक्यात आहे म्हणून मोर्चे काढणारे त्याच दारावर पहारा देतायत.

घरांच्या बाबतीत गणित आणखी गुंतागुंतीचं, कारण जमीन राज्यांचा विषय. बांधकाम मंजूर करतानाच राज्य सरकार अट घालतं की इतकी घरं भूमिपुत्रांसाठी. साधारण ३० टक्के आणि पुढे, शिवाय किमतीत बहुधा ५ ते १५ टक्के सूट. ती घरं विकली गेली नाहीत, तर बिल्डरला मोकळीक मिळवण्यासाठी राज्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तोवर अडकलेल्या पैशावरचं व्याज उरलेल्या घरांच्या किमतीत चढतं. सूट कोणाला मिळते? घर घेण्याची ऐपत असलेल्याला. बंगल्यावरची सूट झोपडीतल्या मलय माणसापर्यंत कशी पोचणार, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

मलय राखीव जमिनीची गोष्ट तर उलटीच. १९१३ पासूनचा हा कायदा कलम ८९ ने जपलाय. जमीन बिगर-मलय माणसाला विकता येत नाही, गहाण ठेवायची तर ठरावीक संस्थांकडेच. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी, भाव कमी म्हणून कर्ज कमी. शेजारच्या मोकळ्या जमिनीचा मालक त्याच आकाराच्या तुकड्यावर जास्त भांडवल उभं करतो. जमीन हातातून जाऊ नये म्हणून केलेल्या कायद्याने मलय शेतकऱ्याची पत कमी केली.

आपल्याकडच्या आरक्षणाशी तुलना करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे लाभार्थी बहुसंख्य आहेत, आणि मागासलेपण सिद्ध करायची अट नाही. आणि जे सगळ्यांत मागे आहेत ते द्वीपकल्पातले ओरांग अस्ली, म्हणजे तिथले आदिवासी, त्यांचं नाव कलम १५३ मध्ये नाहीच. त्यांच्यासाठी १९५४ चा वेगळा कायदा आहे. वहिवाटीच्या जमिनीवरचा हक्क त्यांना न्यायालयात झगडून मिळवावा लागला. २००२ चा सागोंग तासी खटला त्यातला महत्त्वाचा.

दुसरी बाजूही मलय लोकांच्या अनुभवातली आहे, ती टाळून चालणार नाही. खाजगी कंपन्यांत, विशेषतः चिनी मालकीच्या, 'मँडरिन (चिनी भाषा) येणं आवश्यक' ही अट पुष्कळदा चाळणीसारखी वापरली जाते. सारख्याच पात्रतेचे बनावट अर्ज पाठवून केलेल्या एका अभ्यासात चिनी नावांना मलय नावांपेक्षा कित्येक पट जास्त बोलावणी आली. यावर घटनेच्या कलम ८ ची समानता चालत नाही. संघीय न्यायालयाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००५ मध्ये बीट्रिस फर्नांडिस खटल्यात सांगितलं की मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, खाजगी मालकाविरुद्ध नाहीत.

तेव्हा प्रत्यक्षात दाद कुठे मागायची? सरकारी निर्णय असेल तर आधी नकार लेखी मागावा. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे सरकारी निर्णय न्यायालयाने तपासावा असा, अर्ज निर्णय कळल्यापासून ३ महिन्यांत करावा लागतो, आणि आधी परवानगीचा टप्पा असतो. तोंडी 'कोटा भरला' ऐकून घरी बसलेल्या माणसाची मुदत निघून जाते आणि हातात पुरावा राहत नाही. खाजगी नोकरीसाठी १ जानेवारी २०२३ पासून रोजगार कायद्यात कलम ६९फ आलंय. कामगार खात्याच्या महासंचालकाकडे भेदभावाची तक्रार करता येते, आदेश मोडला तर ५० हजार रिंगिटपर्यंत दंड. पण कायद्यात भेदभावाची व्याख्याच नाही, आणि कलम नोकरीत असलेल्यांपुरतं आहे. मुलाखतीलाच न बोलावलेल्या मलय पदवीधराला, किंवा भारतीय नाव पाहून बाजूला ठेवलेल्या अर्जदाराला, त्याचा उपयोग नाही. या दोन दुरुस्त्या करायला सुलतानांची संमती लागत नाही, संसदेतलं साधं बहुमत पुरतं.