आईला खुर्चीत बसवलं, तीच चूक

गेल्या वर्षी चवथीच्या आठ दिवस आधी आई अंगणात पडली. तुळशीला पाणी घालायला निघाली होती. डिचोलीचा पाऊस, चिऱ्यांची पायरी, वर हिरवंगार शेवाळ. मनगट मोडलं. ब्लीचिंग पावडर घरात आणून ठेवली होती, टाकायची मात्र राहिली. तो दोष माझा.

पण मला सांगायचंय ते पुढचं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वहिनी, आता एका जागी बसून राहा हो." आम्हीही तेच धरून बसलो. तुळशीचं पाणी बायकोकडे, फुलं मी काढायचो, माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची आरास, बांधताना आई खुर्चीतून नुसती बघत राहिली. चहासुद्धा हातात. आम्हाला वाटलं, सेवा करतोय.

फेब्रुवारीत ती परत पडली. रात्री लघवीला उठली आणि पलंगापासून चार पावलांवर, कोरड्या लादीवर. घसरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी आधी झोपवून प्रेशर मोजलं, मग उभं करून. वरचा आकडा १५२ वरून १२४. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा जास्त उतरला तर सांभाळायला हवं, म्हणाले. गोळ्या त्यांनी बदलून दिल्या. मग म्हणाले, "हात न टेकता खुर्चीतून उठा बघू." आईला उठता येईना. वर्षभरापूर्वी हीच बाई विहिरीवरून कळशी आणायची! मांड्यांतली ताकद आम्हीच बसवून बसवून घालवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत सर्वांत जास्त साठीपुढची. अपघाती मृत्यूंत रस्त्याच्या खालोखाल हेच. हेल्मेट नसलं तर पोरावर ओरडतो आपण, आजीच्या झिजून गुळगुळीत झालेल्या चपलेकडे कोण बघतो? तोल आणि ताकदीच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळजवळ चौथाईने घटतं, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. तरी सल्ला तोच, बसून राहा.

आता आई ओटा धरून टाचा उचलते, एका पायावर उभी राहते, खुर्चीतून दहा-दहा वेळा उठते. रात्री पलंगाच्या कडेला जरा बसून मगच पाय टाकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत होतो, तेही उरकलं. पायरी मी दर रविवारी घासतो. तुळशीला पाणी तीच घालते.

न्हाणीत स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवून घेतला. "मी काय म्हातारी झाले?" म्हणून दोन दिवस अबोला. सध्या त्याच्यावर तिचा पंचा वाळत असतो.