तुम्हाला पिस्ताच शोभेल

पहिली गोष्ट, आरशासमोरून उठा. आपला रंग कोणता हे आरशात बघून ठरवायची पद्धत आपल्याकडे नाही. ते शेजारच्या काकू ठरवतात. तुम्ही सहा महिन्यांच्या होतात तेव्हाच त्या पाळण्यात डोकावून, "नाकडोळे छान आहेत हो" असं म्हणून गेल्या आणि विषय संपला. आपल्याकडे पोरीच्या नाकडोळ्यांचं कौतुक सुरू झालं की समजावं, रंगावर बोलणं लोकांनी मोठ्या मनाने टाळलंय. (आमच्या अहिराणीत हे जरा उघड असतं: "पोर काळी से, पण नाकेडोये बरी से." निदान आडपडदा नाही.)

पण आता काळ बदलला. आता तुम्ही काळ्या नाही, सावळ्या नाही, बायोडेटातल्या 'गव्हाळ'ही नाही. तुम्ही 'डीप वॉर्म' आहात. म्हणजे वर्ण गडद, केस-डोळे गडद आणि कातडीखालून येणारी झाक सोनेरी-पिवळसर. नेमकं सांगायचं तर 'डीप ऑटम'. कॅरोल जॅक्सन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८०च्या सुमारास, कुणाला कोणते रंग शोभतात यावरून माणसांची चार ऋतूंत केलेली वाटणी घरोघरी नेली. पुढे चाराचे बारा झाले आणि त्या बारा खोल्यांच्या चाळीत शरदाची सगळ्यांत अंधारी खोली तुमच्या वाट्याला आली. अभिनंदन. नाव बदललं की रंग उजळतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९७५ साली भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून 'ग्लो अँड लव्हली' असं बारसं केलं, आणि त्या दिवसापासून मुलगी बघायला येणाऱ्यांनी रंगाची चौकशी सोडली ती सोडलीच.

(पुरुष वाचकांनी इथेच थांबलं तरी चालेल. तुमच्याकडे पांढरा शर्ट आहे, आणि तुमचा काळा रंग 'रांगडा' असतो.)

तर झाक उबदार (सोनेरी) की थंड (गुलाबी-निळसर), हे ओळखायची चाचणी. मनगट उलटं करा. शिरा हिरवट दिसल्या तर उबदार, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड. शिरा दिसल्याच नाहीत तर चाचणी काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचं मनगट नव्हतं, इतकंच. तरी करा, सगळे करतात. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, भुसावळच्या फलाटावर करा. निकाल उबदारच येईल.

दुसरी चाचणी कापडाची. चेहऱ्याजवळ एकदा निळीतून काढलेलं पांढरंशुभ्र कापड धरायचं आणि एकदा मोतिया, बोंडातून नुकत्या निघालेल्या कापसासारखं. शुभ्राने चेहरा राखुंडी फासल्यासारखा झाला आणि मोतियाने उजेड आला, तर तुम्ही उबदार. ही चाचणी आमच्याकडे दरसाल दिवाळीच्या आगेमागे शेताशेतांत होते. वेचणीच्या बायका कमरेला ओटी बांधून दिवसभर तो कापूस अंगाशी धरून फिरतात. निकाल कोणी विचारत नाही, वजन विचारतात.

आता 'ऑटम' म्हणजे काय, तेही समजून घ्या. तिकडे थंडी सुरू व्हायच्या आधी झाडांची पानं तांबडी-तपकिरी होऊन गळतात, तो ऋतू. आपल्याकडे पानझड फाल्गुनाकडे, आणि त्याच वेळी सातपुड्यात पळस पेटलेला. म्हणजे त्यांच्या शरदात आपलं काहीच जमत नाही. पण त्या ऋतूचे रंग बघायचेच असतील तर हिवाळ्यात नंदुरबारला जा आणि मिरचीच्या पथारीच्या कडेला उभ्या राहा. आज उतरवलेली ओली मिरची टोमॅटो रेड. आठवड्याची, कातडी आक्रसलेली, ती ब्रिक. त्यापलीकडची मरून. आणि तळाशी राहून काळवंडलेली चॉकलेट ब्राउन. शहरातली रंग सुचवणारी बाई हजारो रुपये घेऊन जे शेड-कार्ड चेहऱ्याभोवती फिरवते, ते इथे जमिनीवर सपाट पसरलेलं असतं. देठं खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून त्याच्या मधोमध बसलेल्या असतात. शिंका फुकट.

रंगांची नावं मात्र चुकूनही मराठीत घेऊ नका. 'विटकरी' म्हटलं की बाजाराच्या दिवशी घेतलेलं पातळ डोळ्यांसमोर येतं. 'टेराकोटा' म्हणा, किमतीला एक शून्य वाढेल. आमसुलीला 'वाइन' म्हणायचं, मेहंदीला 'ऑलिव्ह', मोरपंखीला 'टील'. आणि वांगी कलरला 'ऑबर्जिन'. इथे जळगावकरणींना सावध करायला हवं. ऑबर्जिन म्हणजे काळपट जांभळा. आमचं भरताचं वांगं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, ते हिरवं असतं, अंगावर पांढरट रेघा असलेलं. बामणोदच्या मावशींना वांगी कलरची साडी आणायला सांगितली तर त्या पोपटी आणतील, आणि चूक आपली असेल.

हे सगळे रंग तुम्हाला शोभतात. विटकरी, आमसुली, मोहरी, मेहंदी, मोरपंखी, गडद तपकिरी. आजीच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांखाली हेच होते. म्हणून ते तुम्ही घालायचे नाहीत. घराघरात नियम ठरलेला आहे: काळ्यावर गडद घातलं की माणूस आणखी काळं दिसतं. तेव्हा फिकट घालायचं. पिस्ता, बेबी पिंक, आकाशी, लव्हेंडर. चेहऱ्याकडे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की बिचारीने प्रयत्न तरी केलाय.

या नियमात एकच किरकोळ दोष आहे, तो खोटा आहे. पॅरिसला गोब्लँ नावाचा सरकारी कारखाना होता, भिंतीवर टांगायची मोठमोठी विणलेली चित्रं तिथे होत. १८२४ पासून तिथल्या रंगाईचे प्रमुख होते शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट उतरत नाही, सावल्यांमधला काळा मेल्यासारखा दिसतो. त्यांनी धागा तपासला. धाग्यात खोट नव्हती. खोट होती शेजारच्या रंगांत. निळ्या-जांभळ्याला लागून बसल्यामुळे चांगला काळा दुबळा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ काढला. सार इतकंच, की डोळा रंग एकटा बघत नाही, शेजाऱ्यासकट बघतो. फिक्याशेजारी गडद ठेवलं की गडद आणखी गडद होतं. म्हणजे काळं दिसू नये म्हणून नेसवलेली पिस्ता साडी पोरीला काळं दाखवायचं काम चोख बजावते. शेव्रल १०२ वर्षं जगले. त्यांना बहुधा आत्या नसावी.

मला आहे. आम्ही तिला फुई म्हणतो.

माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही चौदा जण क्रूझर करून धुळ्याला गेलो होतो, आग्रा रोडला. चपला बाहेर, पांढऱ्याशुभ्र गादीवर सगळं वऱ्हाड, वर डझनभर ट्यूबलाइट. (ट्यूबच्या उजेडात साडी घ्यायची आणि मांडवात उन्हात नेसायची, हीसुद्धा आपली परंपरा. ट्यूबखालचा डाळिंबी उन्हात जाऊन भलत्याच खानदानातला निघतो. म्हणून साडी घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊ नका, लोक चोर समजतील.) कानाला पेन खोचलेला तो सेल्समन एकामागून एक साड्या फटाफट उलगडत होता. तासाभराने काय वाटलं त्याला कोण जाणे, उठला, मागच्या कपाटातून एक विटकरी रेशमी साडी काढली, काठ मोहरीच्या रंगाचे, आणि माझ्या खांद्यावर टाकली. दोन बोटांनी चार निऱ्या मोडल्या. आरसा पुढे केला.

चहाचे ग्लास गोळा करणारा पोरगा थांबला. आईचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. आरशात जी होती तिचे डोळे, केस, गळ्याची कड, सगळं जागच्या जागी बसलं होतं. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हाऊ रंग तुले नही माय," फुई म्हणाली.

फुई माझ्याच रंगाची आहे. म्हणजे मी तिच्या रंगाची. त्या दिवशी तिच्या अंगावर मरून होती आणि त्यात ती खणखणीत दिसत होती, पण तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती. सेल्समनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फुईकडे. त्याला रंग कळत होता आणि पैसे कोणाच्या पिशवीतून निघणार तेही कळत होतं. विटकरी घडीवर घडी मोडून बाजूला गेली. पिस्ता आली, चंदेरी जरीची.

आता मेकअप. फाउंडेशन दोन शेड उजळ घ्या, तीन घेतलं तर पाहुण्यांना खर्च दिसतो. ते जबड्याच्या कडेला लावून, दहा मिनिटं थांबून, उजेडात जाऊन बघू नका; शेड जुळण्याचा धोका असतो. सोनेरी झाकेचं मागू नका, गुलाबी झाकेचं घ्या, म्हणजे चेहऱ्यावर ती जांभळट राख येईल जी आपल्याकडे 'ग्लो' म्हणून खपते. डोळ्यांखालची वर्तुळं निळसर करडी असतात आणि निळ्याला केशरी मारतो, म्हणून जाणकार आधी केशरी करेक्टर लावतात. तुम्ही थेट पांढरट कन्सीलर थापा. ओठांना विटकरी, तपकिरी किंवा मरून लावलं तर ते चेहऱ्यातलेच वाटतात. बबलगम गुलाबी लावा, म्हणजे ओठ तुमच्या आधी खोलीत शिरतील.

माझ्या लग्नातल्या मेकअपवाल्या ताईंच्या पेटीत तीन शेड होत्या, तिन्ही माझ्या आयुष्यात कधी न आलेल्या. "मी मिक्स करते ना," त्या म्हणाल्या, आणि तिन्ही मिक्स केल्या. वर पांढरी पावडर. त्या पांढरेपणामागे बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतो, भिंतीला द्यायच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. भिंतीला चालतो तर पोरीला का चालू नये? लग्न मे महिन्यातलं, बाहेर चव्वेचाळीस अंश. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझा चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची, आणि मेहंदीचे हात, ज्यांना कोणी हात लावला नव्हता, ते तेवढे सुंदर. अल्बमवाल्याने मग उरलेली मानही उजळ करून दिली. त्या फोटोंत मी कोण आहे हे सासरच्या लहान मुलांना अजून सांगावं लागतं.

दागिन्यांचा कायदा सोपा आहे, उबदार वर्णाला सोनं आणि थंड वर्णाला चांदी. जळगावच्या सराफ बाजाराला हा कायदा फार पसंत पडेल. फक्त तो घेऊन सातपुड्यात जाऊ नका. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी असते, रात्रभर ढोल चालतात आणि पहाटे होळी पेटते. तिथे भिल्ल-पावरा बायका गळाभर, दंडभर चांदी घालून येतात. त्या जाळाच्या उजेडात, त्या वर्णावर, ती चांदी! बाराही ऋतूंच्या तक्त्यात बसत नाही. कुणीतरी जाऊन त्यांना सांगायला हवं की हे त्यांना शोभत नाहीये.

ती विटकरी साडी वाया गेली नाही. बस्त्यात मानाच्या साड्या असतातच. फुईने तीच आपल्या मानाची म्हणून बांधून घेतली. त्याच श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली आणि सोमवारी विसर्जनाला फुई ती नेसून निघाली. डोक्यावर कानबाई, कपाळाला हळदीकुंकू, ढोलापुढे फुगड्या. सगळी गल्ली बघत होती. शेजारच्या काकू मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "काय खुललीय बाई तुझी आत्या."

मागच्या वर्षी कानबाईलाच गेले, तर रोटांचं जेवण झाल्यावर फुईने ट्रंक उघडली, ती साडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, अगं, हा रंग मला नाही ना?

"आते तुनं लगीन व्हई गयं माय," ती झाकण लावत म्हणाली. "आते काहीबी नेस."