लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही

गेल्या महिन्यात वर्तकनगरला माझ्या चुलत नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाली आणि पानं वाढायच्या आधी एकीने मोबाइलवर आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. मजकूर असा: लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, ते पोटात फार मोठं होतं, मग सिझर करावं लागतं, रक्तासाठी बीट, खजूर आणि गूळ पुरतात, गोळीने अंगात उष्णता होते, आणि आपल्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या होत्या? बायका माना डोलावत होत्या. नंतर स्वयंपाकघरात ती सून मला हळूच म्हणाली, "मामी, दोन महिने मी गोळ्या घेतल्याच नाहीत." सातवा महिना, आणि हिमोग्लोबिन ८.६.

प्रसूती विभागात परिचारिका म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेते.

पहिला, रंगाचा. गोळी सुरू केली की आईला काळी शौचास होते. न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, म्हणून. ही भीती बहुधा तिथूनच आली असावी. बाळाच्या कातडीचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि तो आईबापांकडून येतो; लोहाचा त्याच्याशी संबंध नाही. केशराच्या दुधाने बाळ गोरं होत नाही, तसंच गोळीने काळं होत नाही. आणि झालं सावळं, तर काय बिघडलं? बाळाच्या रंगापायी आईचं रक्त पणाला लावायची ही रीत मला संताप आणते.

दुसरा, मोठं बाळ आणि सिझर. बाळ फार मोठं होण्यामागे बरेचदा आईची वाढलेली साखर असते. रक्त कमी असलं तर उलट घडतं: बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मण्याची शक्यता वाढते.

पण मला खरी भीती वाटते ती बाळंतपणाच्या वेळची. दिवस भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असतं. वार पडल्यावर गर्भाशय आवळून घट्ट झालं तरच त्या रक्तवाहिन्या मिटतात. आम्ही पोटावर हात ठेवून तेच बघायचो, गोळा कडक लागतोय की मऊ. मऊ लागला की सगळा विभाग धावायचा. बारा हिमोग्लोबिनची बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा सात हिमोग्लोबिनच्या बाईला सोसत नाही. तिच्याकडे गमवायला रक्तच नसतं. गरोदरपणी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त, आणि त्यांना हा मेसेज सांगतो की गोळ्या टाकून द्या.

तिसरा, बीट, खजूर, गूळ. बिटाचा लाल रंग रक्ताचा वाटतो, पण तो लोहाचा नसतो. किलोभर बिटात साधारण ८ मिलिग्रॅम लोह असतं आणि भाजीपाल्यातलं लोह शरीर फार तर दहावा हिस्सा शोषतं. अख्ख्या गरोदरपणात शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. हिशेब तुम्हीच करा. खाणं सोडा असं मी म्हणत नाही. चवळीची पालेभाजी, नाचणी, मटण, सुकट, जवळा जरूर खा आणि वर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. पण ताटातलं हे सगळं गोळीसोबत हवं. सरकारी केंद्रातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस ती फुकट मिळते.

चौथा, उष्णतेचा. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, तोंडाला धातूची चव येते. बायका गोळ्या सोडतात त्या मुख्यतः यामुळेच, आणि त्यांना "घ्यावीच लागेल" एवढंच सांगून घरी पाठवणं हा आमच्या खात्याचा दोष. गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहाच्या मागेपुढे निदान तासभर घेऊ नका. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्या, नाहीतर ती लोह अडवते. तरीही सोसत नसेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात किंवा शिरेतून लोह देतात. ८.६ ला तर रोज एक गोळी पुरतही नाही, मात्रा वाढवावी लागते. आणि नियमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहोत का याची, तपासणी करायला सांगा, नवऱ्याचीही. दोघेही वाहक निघाले तर बाळाचा प्रश्न गंभीर होतो.

पाचवा, आज्या. ज्या वाचल्या, त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो. माझ्या आजीची धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. २००१ ते ०३ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता जात होत्या, २०१८ ते २० मध्ये ९७. ही घट झाली त्यात गोळ्यांबरोबर दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, रक्तपेढ्या आहेत, १०८ ची गाडी आहे.

त्या मेसेजात एक खरा धोका मात्र नाहीच. या गोळ्या गोड आवरणाच्या, लाल चुटूक, लहान मुलांना चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. लहान मुलाने एकदम मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं. उलटी होऊन बरं वाटलं तरी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. वर्तकनगरच्या त्या घरात तिच्या जावेचा तीन वर्षांचा मुलगा आहे. गोळ्यांची पाकिटं टीव्हीखालच्या खणात होती, ती आम्ही दोघींनी मिळून कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. येत्या ९ तारखेला मी तिच्यासोबत जाणार आहे.