'माणूसच तिरसट असेल' म्हणणाऱ्यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते लावल्यावर आमचे हे कसे बदलले ते मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता, "माणूस मुळातच तिरसट असेल, खापर मशीनवर कशाला फोडता, असं वाचून लोक ट्रीटमेंट सोडतात." मुद्दा मांडा की, पण ज्यांना कधी बघितलं नाही त्यांना सरळ तिरसट म्हणायचं?

अहो, लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, ह्यांनी घरात आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. जेवण झालं की टीव्हीसमोर मान खाली, काय ठरवायचं ते मी आणि लेकीने ठरवायचं. मशीन आल्यावर सुरुवातीला वाईट दिवस गेले, हवा मास्कच्या कडेने डोळ्यात जायची, गालावर पट्ट्यांचे वळ, मध्यरात्री मास्क ओढून काढायचे आणि सकाळी चहा गार झाला म्हणून कप आपटायचे. स्वप्नं इतकी की ओरडत उठायचे. स्वप्नांची झोप वर्षानुवर्षं तुटलेली असते, ती उपचार सुरू झाल्यावर शरीर भरून काढतं, त्याला आरईएम रिबाउंड म्हणतात, हे नंतर डॉक्टरांनीच सांगितलं, माझ्या मनचं नाही.

मग ते निवळलं आणि दुसरंच सुरू झालं. रात्री अकरापर्यंत टक्क जागे, लाइट बिल हातात धरून गीझर कोणी चालू ठेवला विचारणार, लेकीला उशीर झाला की उलटतपासणी. ह्याला तिरसटपणा म्हणत नाहीत हो, इतकी वर्षं पेंगत काढलेला माणूस जागा झालाय आणि आम्हाला त्याची सवय नाहीये.

मास्क कुठला ते लिहायला हवं होतं, हे तुमचं बरोबर. नाकावरचा होता.

पण मशीन सोडा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. ह्यांचा एएचआय 40 च्या वर होता, म्हणजे तासाला चाळीसदा श्वास अडणार नाहीतर मंदावणार, 30 च्या पुढे सिव्हियर धरतात, रात्र रात्र जागून ते ऐकलंय मी आणि मागे लागून मशीन घ्यायला लावलं तेही मीच. 2016 च्या सेव्ह ट्रायलमध्ये, म्हणजे आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक झालेल्या लोकांवर सीपॅपची जी मोठी चाचणी झाली तिच्यात, हार्ट अटॅक, स्ट्रोक काही कमी झाले नाहीत, पण दिवसाची पेंग कमी झाली, मूड सुधारला, तेही मला माहितीये. वजन, प्राणायाम वगैरे तुमचे सल्ले राहू द्या, ते सगळं करून झालंय.

मशीन कसं लावायचं ते आम्हाला दाखवलं, घरात हे असं होऊ शकतं ते आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहिलं आणि पुढेही लिहिणार. तुम्हीही जरूर लिहा, फक्त ह्यांच्याबद्दल नीट शब्दांत.